एकाच घंटेची शाळा

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा पाहायला गेलेला माणूस कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा पाहून थबकतो. तशीच एक घंटा नाशकात नारोशंकराच्या देवळावर आहे आणि आमच्या मुरबाडच्या डोंगरापलीकडे भीमाशंकरालाही आहे. तिन्ही घंटा पंचधातूच्या आणि घडणीने परदेशी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तेव्हा फिरंग्यांच्या चर्चमधून उतरवून मराठी सरदारांनी त्या घाटावर नेल्या आणि देवांना अर्पण केल्या. विजयाची खूण म्हणून आपण त्यांच्याकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण मी पडलो शाळामास्तर. घंटा दिसली की प्रथम मनात येते ते असे की, ही वाजल्यावर कोणती मुले कुठून धावत येत असतील?

कारण खेड्यातल्या चर्चची घंटा एकट्या प्रार्थनेची नसते. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी त्रिकाळ ती वाजते. तिच्यावर शेतकरी औत सोडतो, बाई चूल पेटवते आणि पोरे पाटी घेऊन निघतात. चर्चच्या मागल्या अंगाला एक पडवी, पडवीत एक मास्तर आणि पंचवीस-तीस पोरे, एवढाच त्या शाळेचा संसार. कोकणच्या किनाऱ्यावर ही शाळा साडेचारशे वर्षांपूर्वी आली. तिचे सारेच काही गोड नाही. तरी तिच्याविषयी आपल्या मराठी घरांतून फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेख.

मी राहतो तानसा नदीच्या उगमाकडे, शहापूर तालुक्यात. आमची नदी मोठी गमतीची आहे. १८९२ साली तिला धरण घालून मुंबईला पाणी नेले, आणि त्या धरणाच्या आसपासच्या पाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात आजही डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालतात. (हे लिहिल्यावाचून तानशाचा माणूस पुढे जाऊच शकत नाही. वाचकहो, क्षमा असावी.) धरणातून सुटून नदी पश्चिमेला वळते आणि वज्रेश्वरीच्या पायथ्याशी येते. वसईच्या स्वारीत चिमाजी अप्पांनी नवस बोलला आणि फेडला, तीच ही देवी. पुढे तानसा वैतरणेत शिरते, आणि वैतरणा अर्नाळ्याच्या अंगाने समुद्राला मिळते. तिथे आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, सांडोर अशी गावे लागतात. केळीच्या बागा, पानवेली, विहिरी, उन्हात वाळणारी सुकेळी आणि मधूनमधून पांढरे चर्च. एकाच पाण्याच्या एका टोकाला कातकऱ्यांचा पाडा, तर दुसऱ्या टोकाला चार शतकांची ख्रिस्ती वस्ती. दोन्ही ठिकाणच्या पोरांना शाळेत घालण्याचा खटाटोप माणसांनी कसकसा केला, हे ताडून पाहायची मला फार दिवसांची हौस होती.

पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ साली, गुजरातच्या बहादुरशहाकडून. पाठोपाठ फ्रान्सिस्कन साधू आले आणि त्यांच्यामागून जेझुइट. बोरिवलीजवळ मंडपेश्वरची शिवलेणी आहेत. तिथे फ्रान्सिस्कनांनी मठ उभारला आणि अनाथ मुलांची शाळा काढली. 'अनाथ' या शब्दापाशी मात्र जरा थांबले पाहिजे. पोर्तुगीज अमलात १५५९ साली असा हुकूम निघाला होता की, ज्या हिंदू मुलांचे आईबाप वारले असतील त्यांना पाद्र्यांच्या स्वाधीन करावे. काका, मामा जिवंत असले तरी मूल 'अनाथ'च. त्या शाळांच्या पडवीत अक्षरे गिरवणाऱ्या काही पोरांचे डोळे दाराकडे लागलेले असतील, हे शिक्षकाला विसरता येत नाही. पुढच्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, ते चालले. त्यावर अ. का. प्रियोळकरांनी आयुष्याची वर्षे खर्चून लिहिले आहे. इथे विस्तार नको.

पण याच पडव्यांतून दुसरेही काही निघाले. वसईत १५५७ च्या सुमारास एक मुलगा जन्मला, गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. हा जेझुइटांच्या शाळेत शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी उचलली की, पुढे फ्रान्सिस्कन होऊन तो जपानात परतला, तेव्हा सम्राटाच्या नावाने राज्य हाकणाऱ्या हिदेयोशीपुढे दुभाष्याचे काम त्यानेच केले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला इतरांसोबत क्रुसावर चढवले. १८६२ साली रोमने त्याला संत म्हणून जाहीर केले, आणि भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. धर्माच्या बाजूने त्याची थोरवी धर्मपंडित सांगतील. मला त्यात दिसते ते वेगळेच. घरात आईची एक भाषा, बापाची दुसरी, शाळेत तिसरी, बाजारात चौथी, असे चार घाटांचे पाणी प्यालेले वसईचे पोर. असल्या पोराला पाचवी भाषा जड जात नाही. माझ्या वर्गात घरी कातकरी, शेजारी ठाकरी आणि फळ्यावर मराठी बोलणारी मुले आहेत. त्यांना 'ढ' म्हणणाऱ्यांना मी गोन्सालोची गोष्ट सांगतो.

आता गोव्याकडे वळू, कारण या शाळेचे खरे क्रमिक पुस्तक तिथे तयार झाले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरेपर्यंत, बहुतेक काळ साष्टीत राहिला. (ही साष्टी गोव्याची. ठाण्याची साष्टी वेगळी, पण नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठीत! ग्रंथाच्या आरंभी जो प्रसंग आहे तो कोणाही मास्तराने वाचावा असा आहे. मुलांना धर्मतत्त्वांची शिकवणी चालली आहे आणि एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला अडवतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: तुम्ही आमची जुनी पुराणे सोडायला लावलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरे काही का देत नाही? या प्रश्नातून ग्रंथ सुरू होतो. म्हणजे एवढे मोठे काव्य जन्मले ते मुलांच्या शिकवणीत बसलेल्या एका मोठ्या माणसाच्या तक्रारीतून. आमच्याही शाळेत खिडकीबाहेर विडी ओढत उभे राहणारे पालक असतात, पण त्यांच्या तक्रारीतून आजवर पत्रकापलीकडे काही निघाले नाही!

स्टीफन्सचे दुसरे पुस्तक लहान आहे, पण आपल्या विषयाला अधिक जवळचे. गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून धर्म सांगणारी एक पुस्तिका त्याने कोंकणीत रचली. ती त्याच्या मागून १६२२ साली छापली गेली. कोंकणीतले पहिले छापील पुस्तक ते हेच. देऊळ पाद्र्याचे, छापखाना पाद्र्याचा, पण भाषा मुलाच्या आईची. देवनागरी खिळे पाडून मिळावेत म्हणून स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला लिहिले होते. ते जमले नाही आणि पुस्तके रोमन लिपीतच निघाली. ते खिळे तेव्हा पडले असते, तर देवनागरी छपाईचा आपला इतिहास पुष्कळ मागे सरकला असता. असो.

या शाळेची खरी कसोटी लागली ती नंतर. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि देशी भाषा सोडावी. पुढे १८१२ साली गोव्याच्या आर्चबिशपने शाळेतल्या मुलांनी कोंकणी बोलू नये असा दंडक घातला. म्हणजे ज्या पाद्र्यांनी मुलांच्या बोलीत पहिले पुस्तक छापले, त्यांच्याच वारसांनी ती बोली शाळेच्या दारावर अडवली. सत्ता कोणत्याही रंगाची असो, मुलाची जीभ हा तिला सरकारी मुलूख वाटतो. १८५८ मध्ये कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच कोंकणीची बाजू घेऊन निबंध लिहिला, ही त्यातली गंमत. शिवाय फर्माने निघाली तरी चुलीपाशी आणि शेतात भाषा राहिलीच. फर्मान वाचायला येणाऱ्यांची संख्या थोडी असते, हा अडाणीपणाचा एक फायदाच म्हणायचा.

गोव्यातल्या चर्चच्या शाळेने आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे गाणे. तिथे मुलाला अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी शिकवत, आणि हाती व्हायोलिन देत. शिकवणारा 'मेस्त' म्हणजे गावचा गायनमास्तर. गरिबाच्या पोराला फुकटात स्वरलिपी वाचता येऊ लागली, त्याचा परिणाम कुठे झाला पाहा. पोटासाठी ही पोरे मुंबईला आली, आणि हिंदी बोलपटांना वाद्यवृंद हवा झाला तेव्हा कागदावरचे स्वर वाचून वाजवणारे वादक तयारच होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायनमास्तर होते. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली गोन्साल्विसांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून आपल्या रागांवर रचलेल्या कृती वाजवून घेतल्या. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या ज्या गाण्यात त्यांचे नाव आले, ते प्यारेलालनी वाहिलेली गुरुदक्षिणाच होती. त्या नावाचा माणूस खरोखर होता, आणि २०१२ पर्यंत होता, हे आमच्या घरी सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही! पिढ्यान्पिढ्यांच्या गाण्यांमागे वाजणारी व्हायोलिने खेड्यातल्या अशा शाळांतून आली आहेत. दिवाळीच्या पहाटे रेडिओ लावताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

इकडे वसईत काय झाले? १७३९ मध्ये पोर्तुगीज गेले, त्यांचे युरोपीय पाद्री गेले आणि घंटा घाटावर गेल्या. शरणागतीच्या तहात ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती. गोव्याकडचे देशी पाद्री मागे राहिले आणि गावे चालू राहिली. मग इंग्रज आले. मुंबईच्या परिसरातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या साली, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. गोव्याहून आणि मंगळुराहून नोकरीसाठी येणाऱ्यांहून आपण निराळे, हे सरकारला कळावे म्हणून! नाव पूर्वेचे, देश पश्चिम किनाऱ्याचा आणि बोली मराठी. वसईच्या आतल्या गावांना मात्र नोकरीचे वेड उशिरा लागले. ती बागायतदारांची गावे. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा जुन्या जाती-बोलींचे धागे ख्रिस्ती झाल्यावरही तिथे तुटले नाहीत. सामवेदी ख्रिस्ती म्हातारी लाल लुगडे नेसे आणि कादोडीत बोले.

अशा गावांत चर्चच्या आवारात मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. अशाच एका शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे मी काही वर्षांपूर्वी एक दुपार घालवली. त्या सांगत होत्या: "मास्तर, आमच्याकडे वर्गात एक बाक ख्रिस्ती आणि एक बाक हिंदू असं कधी नव्हतं. धर्मशिक्षणाच्या तासाला वाडवळांची नि आग्र्यांची मुलं बाहेर चिंचा पाडायला जायची, आणि खरं सांगू, आमची मुलं त्यांचा हेवा करायची." शाळेतले मोल काय, असे मी जरा पुस्तकी भाषेत विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, "विहीर. विहिरीवरचं पाणी मोठ्या मुलांनी काढायचं आणि लहानांना आधी प्यायला द्यायचं. कोण कुणाचा, हे बघायचं नाही. बाकी सगळं वरच्या वर्गात विसरलं तरी चालतं." कार्तिकात निर्मळच्या जत्रेला शाळेची हजेरी निम्म्यावर येई, आणि गैरहजरांत दोन्ही धर्मांची मुले सारखीच असत, हेही त्यांनी सांगितले. सुकेळ्यांचा पुडा हातात देऊन मला निरोप दिला.

या शाळांचे फळ दिसायला वेळ लागला. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये धर्मपरिषद भरली आणि लॅटिनच्या जागी लोकभाषेत उपासना करावी असे ठरले. तोवर शाळेत मराठी आणि वेदीवर लॅटिन अशी दोन राज्ये होती. आता शाळेतली भाषा वेदीपर्यंत पोचली. प्रार्थना, गीते, प्रवचने, सारे मराठीत हवे झाले, आणि ते लिहिणारी माणसे याच पडव्यांतून शिकली होती. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो गावच्या मराठी शाळेत शिकले, 'सुवार्ता' मासिकाचे वर्षानुवर्षे संपादक झाले, 'सुबोध बायबल' लिहून गेले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीवरून वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला. ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, असे विचारणाऱ्यांनी 'ख्रिस्तपुराणा'ची एक ओवी तरी वाचली असेल का, अशी मला तेव्हाही शंका होती आणि आजही आहे. फादर २०२४ च्या जुलैत गेले.

नगर जिल्ह्यातली कथा निराळी आहे, आणि ती थोडक्यात सांगतो. नगर म्हटले की वाचकांना रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात, पण ते अमेरिकन मिशनचे, प्रॉटेस्टंट. कॅथलिकांकडून तिथे गेले ते जर्मन जेझुइट, १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर. राहुरी तालुक्यातले केंदळ हे त्यांचे एक मोठे ठाणे. वसईत शाळा आली ती बागायतदाराच्या अंगणात, नगरला मात्र ती गावकुसाबाहेर गेली. गावच्या शाळेत ज्यांना पडवीतही बसू देत नसत, अशा महार-मांगांच्या मुलांसाठी. इथला मास्तर नुसता मास्तर नव्हता. प्रार्थना तोच सांगे, पत्रे तोच लिही आणि मामलेदाराकडे अर्जही तोच करी. केंदळहूनच १९०३ साली फादर डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. शतक ओलांडलेल्या मराठी नियतकालिकांची यादी करा, बोटे फार मोडावी लागत नाहीत. त्यात एक नाव केंदळच्या या मासिकाचे आहे. डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. महायुद्धात जर्मन पाद्र्यांना सरकारने नजरकैदेत टाकले आणि मायदेशी धाडले. स्वतः डोरिंग १९२१ मध्ये जपानात हिरोशिमाला नेमले गेले, आणि १९२७ मध्ये पुन्हा पुण्याला आले. वसईचे गोन्सालो आणि केंदळचे डोरिंग, दोघांच्याही वाटा जपानवरून जाव्यात, हा योगायोग कादंबरीत घातला तर टीकाकार ओढूनताणून आणल्याचा ठपका ठेवतील.

धर्म बदलण्यासाठी शाळा काढली, हा आक्षेप या सगळ्यावर आहे आणि तो खोटा नाही. पण त्याच्या उलट बाजूने एक प्रश्न उरतोच: त्या वाड्यांवर दुसरी कोणती शाळा तोवर पोचली होती? ठाणे जिल्ह्यात, आमच्याच सह्याद्रीच्या कुशीत, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या १९४५ साली, आणि कोसबाडच्या टेकडीवर गेल्या त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी आणि गुरांमागे गेली ती कुरणशाळा. तिथे घंटा नव्हती, बायबल नव्हते आणि गीताही नव्हती. आधी पोरांना आंघोळ घालायची, मग गाणे, मग अक्षर. मला विचाराल तर पडवीच्या शाळेच्या सगळ्या गुणांची बेरीज करून तिच्यातला एक दोष वजा केला की कोसबाड येते. पण पडवी चारशे वर्षे आधी उभी होती, हेही हिशेबात धरले पाहिजे.

आज वसईत त्या मराठी शाळांची स्थिती बरी नाही. चर्चच्या आवारात इंग्रजी माध्यमाची दुमजली इमारत उठते आणि जुन्या मराठी वर्गांत पट घटत जातो. १६८४ च्या फर्मानाने जे साधले नाही, ते आता फर्मानावाचून होऊ लागले आहे, आणि ते पालकांच्या हौसेने होते आहे. त्या निवृत्त बाईंची नातही इंग्रजी शाळेतच जाते. "सुनेला मी काय सांगू?" असे म्हणून त्यांनी विषय बदलला होता.

आमच्याकडे अजून ती पाळी आलेली नाही. आमची अडचण निराळी. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडी-कल्याणच्या बाजूला, आणि त्यांच्याबरोबर माझा निम्मा वर्ग निघतो. यंदा भाऊबिजेच्या आधीच चार घरे गेली. जाताना एका आईने मुलीची पाटी मागून घेतली. भट्टीवर शाळा नाही, मास्तर नाही. मुलीला बाराखडी अर्धी येते. उरलेली अर्धी मी वहीच्या दोन पानांवर लिहून दिली आहे, आणि प्रत्येक अक्षरापुढे तिच्याच बोलीतला एकेक शब्द तिच्याकडून विचारून घेऊन मांडला आहे. 'ण' ला शब्द सापडला नाही. ती म्हणाली, "गुरुजी, तो परत आल्यावर."